जमिनीच्या पोटातील अदृश्य बांधकाम
(आनेकल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आनेकलसारख्या गावी येऊन भूकंपात पातळ होणाऱ्या वाळूविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. कानडीत ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘आनेकल्लु’ म्हणजे आकाशातून पडणारी गारही. गावाच्या नावाचा अर्थ कोणताही घेतला, तरी त्यातला कठीणपणा काही सुटत नाही. या तालुक्यातील जिगणीला ग्रॅनाइट कापण्याचे व घासण्याचे कारखाने आहेत. आपल्या पायांखालचा खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही जुना असून त्यावर लाल मातीचा काही मीटर जाडीचा थर आहे. अशा भूमीवर राहणाऱ्यांनी वाळूची चिंता का करावी?

याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, या तालुक्यातील कारखान्यांत आणि बांधकामांवर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली आहेत. त्यांतील कित्येकांची घरे गंगेच्या मैदानात, आसामच्या खोऱ्यात किंवा कच्छच्या किनाऱ्यावर आहेत, आणि तेथे हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. दुसरे कारण असे की, आनेकलची सगळीच जमीन आता खडकाची किंवा मूळच्या लाल मातीची राहिलेली नाही. येथे पूर्वापार तळी आहेत. कानडीत त्यांना आपण ‘केरे’ म्हणतो. या तळ्यांच्या कडेला, आणि काही ठिकाणी त्यांच्या पोटात, भर टाकून भूखंड पाडले जात आहेत. अशा जमिनीवर घर घेऊ पाहणाऱ्याला कोणी ‘जमिनीत रसायन भरून ती पक्की करून देतो’ असे सांगितले, तर त्याने काय विचारावे, हे समजण्यापुरते ज्ञान प्रत्येक नागरिकाला असले पाहिजे.

प्रथम वाळू पातळ होते म्हणजे काय होते, ते पाहू. शास्त्रीय भाषेत या घटनेला द्रवीभवन म्हणतात. धान्य मापून घेताना आपण पायली किंवा शेर हलवतो, त्यावर हाताने थापटतो, आणि काठोकाठ भरलेले धान्य दोन बोटे खाली बसते. सैल रचलेले दाणे हलवले की एकमेकांच्या फटींत घसरतात आणि अधिक दाटीने बसतात. नदीने किंवा समुद्राने आणून टाकलेली सैल वाळूही हलवली की अशीच बसू पाहते. आता अशी कल्पना करा की, त्या मापात दाण्यांमधील सर्व फटी पाण्याने भरलेल्या आहेत. दाण्यांना खाली बसायचे असेल, तर मधल्या पाण्याला बाहेर पडावे लागेल. भूकंपाचे हादरे एका सेकंदात एकदोन वेळा मागेपुढे होतात. तेवढ्या अवधीत बारीक वाळूच्या असंख्य अरुंद वाटांतून पाणी बाहेर पडू शकत नाही. ते कोंडते, आणि त्याचा दाब वाढत जातो.

या दाबाचे महत्त्व एका सोप्या हिशेबावरून कळेल. पाण्याने पूर्ण भिजलेली वाळू घनमीटरला सुमारे दोन टन वजनाची असते. म्हणजे पृष्ठभागाखाली सहा मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर बारा टन भार येतो. भूजलाची पातळी जमिनीलगत असेल, तर त्या खोलीवर पाण्याचा स्वतःचा दाब सहा टन असतो. उरलेले सहा टन वाळूचे कण एकमेकांवर टेकून पेलतात. कणांनी पेललेल्या या भारामुळेच त्यांच्यात घर्षण असते, आणि त्या घर्षणामुळेच वाळू इमारतीला आधार देते. कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात हा विचार स्पष्टपणे मांडला, आणि त्यावर आधुनिक मृदायामिकी उभी राहिली. आता भूकंपात कोंडलेल्या पाण्याचा दाब सहा टनांवरून आठ, दहा असा चढत बारा टनांवर गेला, तर कणांच्या वाट्याला काहीच उरत नाही. कण पाण्यात तरंगू लागतात. काही क्षणांपूर्वी जी जमीन होती, ती आता दाट द्रव बनते. तिच्यावरची जड इमारत खचते किंवा कलते, आणि तिच्यात पुरलेली पोकळ टाकी वर येते. हादरे थांबल्यावर पाणी जमिनीच्या भेगांतून वाळूसह उसळते आणि छोट्या ज्वालामुखींसारखे वाळूचे शंकू मागे ठेवते.

आपल्या देशाने हे अनेकदा अनुभवले आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ यांना हादरविणाऱ्या भूकंपात उत्तर बिहारमध्ये सुमारे तीनशे किलोमीटर लांबीचा एक पट्टा असा होता की, तेथे घरे पडण्यापेक्षा खचली आणि कलली अधिक. शेते वाळूने झाकली गेली आणि विहिरी वाळूने बुजल्या. धक्क्यातून वाचलेल्या माणसांपुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये ७.७ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा रणाच्या विस्तीर्ण भागात जमिनीतून पाणी आणि वाळू वर आली. त्या भागातील मातीच्या काही धरणांच्या पायाखालची वाळू पातळ झाली. चांग धरणाची तर जवळजवळ पूर्ण वाताहत झाली. अवर्षणामुळे त्या वेळी जलाशयांत पाणी फारसे नव्हते, म्हणून खालच्या गावांवरचा प्रसंग टळला. कांडला बंदरातील बावीस मीटर उंचीचा कार्यालयीन मनोरा बत्तीस खांबांवर उभा होता. ते खांब चिकणमातीच्या थरातून खालच्या वाळूपर्यंत नेलेले होते. मनोरा कोसळला नाही, पण एका बाजूला कलला.

जगाचे लक्ष या घटनेकडे वेधले ते १९६४ साली. मार्चमध्ये अलास्कात आणि जूनमध्ये जपानच्या निगाता शहरात मोठे भूकंप झाले. निगातामधील कावागिशी-चो येथील निवासी इमारतींची छायाचित्रे आजही पाठ्यपुस्तकांत दिली जातात. त्या इमारतींच्या भिंती फुटल्या नव्हत्या, तुळया मोडल्या नव्हत्या. इमारती जशाच्या तशा कलंडल्या होत्या, आणि त्यांतली एक तर जवळजवळ आडवी झाली होती. बांधकाम सदोष नव्हते, त्याखालची जमीन बांधलेलीच नव्हती, हा धडा अभियंत्यांना तेथे मिळाला.

मग जमीन कशी बांधावी? नवे बांधकाम असेल आणि जागा मोकळी असेल, तर उपाय तुलनेने सरळ आहेत. सैल थर उथळ असेल तर तो उपसून टाकावा आणि नवी भर पातळ थरांत, प्रत्येक थर दाबून घालावी. थर खोल असेल तर कंप पावणारा दांडा खाली उतरवून वाळू दाट बसवावी. जड वजन उंचावरून पुनःपुन्हा टाकून जमीन ठोकावी. किंवा खडीचे खांब उतरवावे, म्हणजे वाळूही दाटते आणि कोंडलेल्या पाण्यालाही निघायला वाट मिळते. या उपायांचा पुरावा १९९५ सालच्या कोबेच्या भूकंपात मिळाला. समुद्रात भर घालून केलेल्या कृत्रिम बेटांवर जेथे जमीन आधी दाट केली होती, तेथे ती न सुधारलेल्या जमिनीपेक्षा पुष्कळ कमी खचली.

परंतु इमारत आधीच उभी असेल तर? धरण बांधून झाले आहे, धावपट्टीवर रोज विमाने उतरत आहेत, शेजारी भिंतीला भिंत लावून दुसरे घर आहे. येथे ठोकता येत नाही, कंप देता येत नाही आणि उपसताही येत नाही. अशा ठिकाणी बारीक नळ्यांतून जमिनीच्या पोटात एखादा द्रव भरून तो तेथेच घट्ट होऊ देणे, हाच मार्ग उरतो. यालाच ग्राउटिंग म्हणतात. धरणांच्या कामामुळे हा शब्द आपल्याला अपरिचित नाही. पायाच्या खडकातील भेगांत सिमेंटचा रबडा भरून पाण्याची गळती थांबवतात, तेही ग्राउटिंगच. खडकाची भेग आणि वाळूची फट यांत मात्र फार अंतर आहे, आणि या शास्त्राचा निम्मा इतिहास हे अंतर ओलांडण्याच्या प्रयत्नांचा आहे.

फ्रान्समधील शार्ल बेरिन्यी यांनी १८०२ साली द्येप बंदरातील एका बांधकामाखाली चिकणमाती आणि चुना यांचा रबडा दाबाने भरला. ग्राउटिंगच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. पुढे सिमेंट आले. पण सिमेंट हे पाण्यात विरघळलेले नसते, त्याचे कण पाण्यात केवळ तरंगत असतात. भरड वाळूत आणि गोट्यांत ते शिरतात. बारीक वाळूत ते भरू पाहणे म्हणजे पिठाच्या चाळणीतून रवा गाळू पाहणे होय. पाणी पुढे निघून जाते आणि सिमेंट नळीच्या तोंडाशीच साचते. भूकंपात जी वाळू पातळ होते, ती बहुधा अशी बारीक किंवा मध्यमच असते. म्हणून कण नसलेल्या द्रवाचा शोध सुरू झाला. ह्यूगो योस्टेन यांनी १९२० च्या दशकात जर्मनीत सोडियम सिलिकेट आणि कॅल्शियम क्लोराइड ही दोन द्रावणे एकामागून एक जमिनीत सोडण्याची पद्धत आणली. सोडियम सिलिकेट म्हणजे आपल्याकडे ज्याला जलकाच म्हणतात ते द्रावण. दोन्ही द्रावणे भेटली की फटींत एक घट्ट, थरथरता गोळा तयार होतो आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटतात. पुढे अशी मिश्रणे निघाली की ती एकाच नळीने सोडावी आणि ठरवलेल्या मिनिटांनी ती आपोआप गोठावी. अलीकडे अतिशय बारीक दळलेले सिमेंटही मिळते.

द्रव हवा त्याच खोलीवर जावा, यासाठी एक साधी पण चतुर नळी वापरतात. तिला ठरावीक अंतराने भोके असतात आणि प्रत्येक भोकावर रबराची पट्टी बसवलेली असते. आतून दाब आला की पट्टी उघडते आणि दाब गेला की मिटते. त्यामुळे एकाच नळीतून आज आठ मीटरवर आणि उद्या पाच मीटरवर द्रव सोडता येतो, आणि कमी पडल्यास पुन्हा तेथेच परतता येते.

वाळूच्या फटी भरण्याची ही एक रीत झाली. दुसऱ्या रीतीत फटी भरतच नाहीत. घट्ट, जवळजवळ न वाहणारा मसाला जमिनीत दाबतात. त्याचा गोळा फुगत जातो आणि भोवतालची वाळू दाटून बसते. ही पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात आकाराला आली. तिसरी रीत जपानमध्ये १९७० च्या सुमारास पुढे आली. वातावरणाच्या दाबाच्या कित्येक शेपट दाबाने सिमेंटच्या रबड्याची धार सोडून जमीन कापायची आणि त्याच रबड्यात ती कालवायची. फिरती नळी वर ओढत गेले की मागे माती-सिमेंटचा खांब उभा राहतो. असे खांब एकमेकांत गुंतवून जमिनीत जाळीदार भिंती करता येतात. जाळीच्या कप्प्यात अडकलेली वाळू मग मोकळेपणी हलू शकत नाही. यंत्राच्या पात्यांनी माती आणि सिमेंट कालवूनही अशा भिंती करतात. कोबेच्या धक्क्याजवळ बांधकाम चालू असलेल्या चौदा मजली हॉटेलाखाली अशी जाळी होती. १९९५ च्या भूकंपात भोवतालच्या धक्क्याच्या भिंती समुद्राकडे एक ते दोन मीटर सरकल्या, पण ती इमारत शाबूत राहिली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. द्रवीभवन टाळण्यासाठी वाळूचा दगड करावा लागत नाही. कणांना एकमेकांपासून सुटू न देण्याइतके सौम्य बंधन पुरते. भिजलेल्या वाळूला चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमच्या आसपास बळ आले, तरी बहुधा काम होते. चांगल्या काँक्रीटच्या मानाने ते नगण्यच आहे. तथापि हे सौम्य बंधन सर्वत्र पोचले पाहिजे. एका ठिकाणी खडक आणि शेजारी जशीच्या तशी सैल वाळू, असे झाले तर इमारत असमान खचेल, आणि असे खचणे समान खचण्यापेक्षा अधिक घातक असते.

सर्वत्र पोचण्याचा अर्थ किती मोठा आहे, हे आकड्यांत पाहू. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशा एका साध्या घराखालची सहा मीटर जाडीची वाळू बांधायची आहे. वाळूचे घनफळ सहाशे घनमीटर झाले. सैल वाळूत शेकडा चाळीस भाग फटींचा धरला, तर भरायची जागा दोनशे चाळीस घनमीटर, म्हणजे दोन लक्ष चाळीस हजार लिटर होते. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर मोजण्याची सवय आपल्याला आहेच. बारा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर असे वीस टँकर भरून द्रव जमिनीत गेला पाहिजे. दोनचार पिंपांत हे काम करून देतो म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवावा, हे यावरून आपल्यालाच ठरवता येईल.

मित्रहो, या विषयाचे मर्म माझ्या मते येथेच आहे. बांधकामाच्या इतर कामांत आपल्याला काही ना काही दिसते. भिंत ओळंब्यात आहे की नाही, विटा भाजलेल्या आहेत की कच्च्या, सळ्या गंजलेल्या आहेत काय, हे सामान्य माणूसही पाहू शकतो. ग्राउट मात्र जमिनीत गेल्यावर कोणालाच दिसत नाही. काम झाले की नाही याची परीक्षा पुढच्या भूकंपात होते, आणि तो उद्या येईल किंवा शंभर वर्षांनी. म्हणून या कामात द्रवाच्या गुणापेक्षा मोजणाऱ्याच्या सचोटीला अधिक किंमत आहे.

हे केवळ उपदेशाचे बोलणे नाही. भूकंपाशी झुंजण्यात जपान जगाच्या पुढे आहे. त्या देशात २०१६ साली एक प्रकरण उघडकीस आले. टोकियोच्या हानेदा विमानतळाच्या एका धावपट्टीखालची वाळू द्रवीभवनापासून वाचवण्यासाठी रसायन भरण्याचे काम एका मोठ्या बांधकाम कंपनीकडे होते. धावपट्टी वापरात राहावी म्हणून बाजूने तिरप्या नळ्या घालून तिच्याखाली द्रव पोचवायचा होता. नळ्या ठरल्याप्रमाणे जाईनात आणि द्रव ठरल्याप्रमाणे शिरेना. तेव्हा अडचण कळवण्याऐवजी आकडे खोटे लिहिले गेले. प्रत्यक्षात योजलेल्या रसायनापैकी शेकडा ५.४ इतकेच जमिनीत गेले होते. अन्य काही विमानतळांवरील कामांतही असेच झाल्याचे निष्पन्न झाले. आपल्या मघाच्या हिशेबात सांगायचे, तर वीस टँकरांपैकी जेमतेम एक टँकर आत गेला आणि वीस गेल्याची नोंद झाली. वरून धावपट्टी तशीच गुळगुळीत दिसत होती.

जेथे यंत्रे उत्तम आणि नियम कडक, तेथेही असे होऊ शकते, तर आपण किती सावध असले पाहिजे! यासाठी प्रत्येक नळीच्या प्रत्येक खोलीवर किती द्रव गेला, किती दाबाने गेला आणि किती वेळ लागला, याची नोंद त्याच वेळी व्हावी लागते. दाब अकस्मात उतरला तर द्रव कोठे तरी फट पाडून पळाला असे समजावे. दाब बेसुमार वाढवला तर जमीनच वर उचलली जाते आणि घराला तडे जातात. जुन्या अभियंत्यांचा ढोबळ नियम असा होता की, दर मीटर खोलीस चौरस सेंटिमीटरला पाव किलोग्रॅमहून अधिक दाब देऊ नये. काम संपल्यावर पुन्हा भोके घेऊन नमुने काढावे लागतात, त्यांचे बळ तपासावे लागते आणि जमिनीतून कंपलहरी किती वेगाने जातात हे मोजावे लागते. ही तपासणी काम करणाऱ्याने स्वतःच करून भागत नाही. ती दुसऱ्या कोणी तरी केली पाहिजे.

आणखी एक सावधगिरी पाण्याविषयीची आहे. जमिनीत सोडलेला द्रव जेथे जातो, तेथेच आपले पिण्याचे पाणीही असते. १९७४ साली जपानच्या फुकुओका जिल्ह्यात ॲक्रिलामाइड नावाच्या रसायनाचा ग्राउट एका विहिरीजवळ वापरला गेला. गोठण्यापूर्वी हे रसायन मज्जातंतूंना विषारी असते. ते विहिरीत उतरले आणि एका कुटुंबातील पाच जणांना विषबाधा झाली. त्यानंतर जपान सरकारने रासायनिक ग्राउटांवर कडक निर्बंध घातले, आणि तेथे मुख्यतः सिलिकेटवर आधारलेली द्रावणेच वापरली जाऊ लागली. सिलिकेटही सर्वस्वी निर्दोष आहे असे नव्हे. साध्या सिलिकेटचा गोळा काळाने आकसतो आणि वाहत्या भूजलात हळूहळू विरघळतो. म्हणून कायमच्या कामासाठी अधिक टिकाऊ प्रकार वापरावे लागतात. आनेकल तालुक्यात हजारो कुटुंबे बोअरवेलचे पाणी पितात. येथे जमिनीत काय सोडले जाते, हे विचारण्याचा अधिकार केवळ त्या घराच्या मालकाचा नसून शेजाऱ्यांचाही आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. येथे खरोखर द्रवीभवनाचे भय आहे काय? वाळू पातळ होण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: माती वाळूची असावी, ती सैल असावी, ती पाण्याने पूर्ण भिजलेली असावी आणि हादरा पुरेसा जोराचा असावा. यांतली एक जरी नसली तरी द्रवीभवन होत नाही. आनेकलची मूळची लाल माती चिकणमातीयुक्त आहे आणि खडक फार खोल नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील टी. जी. सीताराम आणि पी. अनबळगन यांनी शहराच्या सुमारे २२० चौरस किलोमीटर क्षेत्राचा भूकंपाच्या दृष्टीने बारकाईने अभ्यास केला. द्रवीभवनाच्या बाबतीत शहराचा बहुतेक भाग सुरक्षित आहे, आणि जेथे वाळूमिश्रित गाळ व उथळ भूजल एकत्र आहेत अशी मोजकी ठिकाणेच चिंतेची आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आनेकल त्या क्षेत्राबाहेर असले, तरी खडक आणि माती त्याच जातीची असल्याने आपल्यालाही त्यावरून बोध घेता येतो.

चिंतेची ठिकाणे म्हणजे मुख्यत्वे बुजवलेली तळी. बेंगळुरूत धर्मांबुधी तळ्याच्या जागी मुख्य बसस्थानक आले आणि संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. आनेकल तालुक्यातही तळ्यांच्या साखळ्या आहेत. मुत्तनल्लूर आणि हुस्कूर ही नावे आपल्या ओळखीची आहेत. तळ्यात पाणी जेथून शिरते तेथे भरड वाळू बसते आणि बांधाजवळ बारीक गाळ बसतो. त्यावर पायाच्या खोदकामातील माती, विटांचे तुकडे, मोडलेले काँक्रीट असे हाती येईल ते ओतून भर घातली, तर चाळीस पावलांच्या अंतरात जमिनीचे गुण चार वेळा बदलतात. अशा भरावात वाळू सैल असेल आणि पावसाळ्यात पाणी वर येत असेल, तर चारांपैकी तीन अटी पुऱ्या होतात. चौथी अट, म्हणजे जोराचा हादरा, येथे क्वचितच येईल हे खरे. २००२ सालच्या भारतीय मानकाने बेंगळुरूला सर्वांत कमी धोक्याच्या विभागात ठेवले. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजी महाराष्ट्रातील किल्लारीला ६.२ महत्तेचा भूकंप झाला, त्या वेळी तो प्रदेशही तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याचाच होता. किल्लारीत माणसे द्रवीभवनाने मेली नाहीत. दगडमातीच्या भिंती आणि जड धाबी यांनी त्यांचा बळी घेतला. तरीही दख्खनचा पाषाण कधी हलतच नाही, हा समज त्या पहाटे संपला. दक्षिणेतही ८ फेब्रुवारी १९०० रोजी कोइमतूरच्या परिसरात सुमारे सहा महत्तेचा भूकंप झालेला आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, आनेकलच्या बहुतेक घरांना ग्राउटिंगची मुळीच गरज नाही. बुजवलेल्या तळ्यावरच्या घरांनाही भूकंपाआधी भय आहे ते असमान खचण्याचे आणि पुराचे. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. म्हणून अशा जागेवर कोणी जमीन ‘भूकंपरोधक’ करून देण्याचा प्रस्ताव आणला, तर चार प्रश्न विचारावे. पहिला: येथे भोक घेऊन तपासणी केली आहे काय? साडेत्रेसष्ट किलोग्रॅमचा हातोडा पंचाहत्तर सेंटिमीटरवरून टाकून नळी तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, हे दर दीड मीटरला मोजतात. त्या ठोक्यांची यादी मागून घ्यावी. दुसरा: भर पावसाळ्यात पाणी किती खोलीवर असते? तिसरा: माती कोणत्या जातीची आहे? तिच्यात बारीक गाळ पाचव्या हिश्श्याहून अधिक असेल, तर फटींत कोणतेही द्रावण नीट शिरणार नाही. आणि भर उथळ असेल, तर ती काढून दाबून घालणेच स्वस्त आणि खात्रीचे पडेल. चौथा: काय भरणार, किती भरणार, आणि ते कोण मोजणार? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

शेवटी एक विनंती करतो. आपल्या गावात जेथे जेथे बोअर घेतली जाते, तेथे किती फुटांवर लाल माती संपली, कोठे वाळू लागली, कोठे खडक लागला आणि पाणी कितीवर आले, याची नोंद ठेवावी आणि ती घराच्या कागदपत्रांबरोबर जपावी. तिची एक प्रत वाचनालयात आणून द्यावी. आज बोअरवाल्याची गाडी निघून गेली की हे ज्ञान तिच्याबरोबर जाते आणि पुढच्या माणसाला तेच भोक पुन्हा पाडावे लागते. अशा दोनशे नोंदी एकत्र झाल्या, तर कोणते तळे कोठे बुजले आहे आणि कोणत्या भूखंडाखाली सैल वाळू आहे, याचा नकाशा शाळेतील मुलेही काढू शकतील. जमिनीत काय भरायचे याचा विचार त्यानंतर करता येईल. कदाचित काहीच भरायची गरज नाही, असेही त्या नकाशावरून दिसेल.